दर फळीला एक पुस्तक

अंबत्तूर, ४ जुलै २००५

देविका,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तोवर शिल्लक राहिले तर. फोन तू उचलत नाहीस. पाच वेळा केला. पाचव्यांदा तुझ्या ऑफिसातल्या कोणी बाईने इंग्रजीत सांगितलं की मॅडम मीटिंगमध्ये आहेत. ई-मेल मी करत नाही. म्हणून हे पत्र. पाकीट मीटिंग संपेपर्यंत टेबलावर पडून राहतं, एवढा पोस्टाचा फायदा.

आज सकाळी नारायणस्वामीला घरी पाठवलं. चौकशी होईपर्यंत ग्रंथालयात पाय ठेवायचा नाही, असं पत्र सेक्रेटरी वादिराज यांनी त्याच्या हातात दिलं. पत्र इंग्रजीत, म्हणून ते समजावून सांगायचं काम माझ्यावर ढकललं. चोवीस वर्षं ज्याने आपल्या ग्रंथालयाची कुलपं उघडली त्या माणसाला मी तमिळमध्ये सांगितलं की एकशे त्रेचाळीस पुस्तकं चोरल्याचा तुझ्यावर संशय आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, मग उचलला, खांद्यावरच्या टॉवेलने पुसला आणि परत ठेवला. रोज संध्याकाळी म्हणतो तसं "वरेन अम्मा", येतो, म्हणाला, आणि गेला.

हे तुझ्या मोजणीच्या रिपोर्टने झालं. तू बंगळूरला काचेच्या इमारतीत बसतेस, तुला इथलं आता काय आठवणार, म्हणून आठवण करून देते. अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या कारखानदारांच्या ट्रस्टचं एक तांत्रिक ग्रंथालय आहे. मी तिथली ग्रंथपाल. तू नऊ वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलीस. पहिलं कार्ड लिहिलंस तेव्हा तमिळ लेखकाच्या बापाचं नाव आडनाव समजून पुढे घेतलंस, आणि मी ओरडायच्या आत नारायणस्वामीने पुस्तकांची चळत ठेवायच्या निमित्ताने हळूच बोट दाखवलं. शिपाई तो, पण तुझी पहिली चूक त्याने झाकली. त्याची तू अशी फेड केलीस.

रिपोर्ट देखणा आहे. तक्ते आहेत, रंगीत वर्तुळं आहेत. आणि पान नऊवर हे वाक्य आहे, की न सापडलेली सर्व पुस्तकं सर्वाधिक मागणीची असून प्रत्येक फळीवरून नेमकं एक गेलेलं आहे, त्यामुळे हे पुस्तकांची चांगली माहिती असलेल्या आतल्या व्यक्तीचं काम असावं. "असावं" म्हणे! आतली माणसं किती आहेत इथे? मी आणि तो. माझ्यावर संशय घ्यायची वादिराजांची छाती नाही. मग उरलं कोण? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. तू तर चोर होता की नव्हता एवढंही पाहिलं नाहीस.

रिपोर्ट मागे घे. वादिराजांना लिही की पान नऊवरचं वाक्य पुराव्याशिवाय लिहिलं. एवढं कर, मग आपलं काय ते बोलू.

अलकनंदा खांबेटे

(आशीर्वाद उरले नाहीत.)


अंबत्तूर, १९ जुलै २००५

देविका,

तुझा ई-मेल मिळाला. म्हणजे श्रीनिधीने छापून माझ्या टेबलावर ठेवला. श्रीनिधी ही तुझ्या जागी आलेली मुलगी. संगणकाचं सगळं तीच बघते. माझ्यापुढे कागद ठेवताना तिने मान दुसरीकडे वळवली होती, त्यावरून तिने तो वाचला होता हे कळलं.

तू लिहितेस की मोजणी ठरलेल्या पद्धतीने झाली. मोजणीनंतर जी खोक्यांत भरून बाहेर गेली ती नोंद नसलेली जुनी पुस्तकं होती. तुझ्या वाक्यात कोणाचं नाव नाही. आणि एवढी इंग्रजी झाल्यावर खाली रोमन अक्षरांत तुझी ती तंजावूरची मराठी: "अक्का, तुम्हीं तेव्हां तिथें राहाला होतं."

मी तिथे राहायला हवं होतं म्हणे! ही ओळ मला झोंबली, म्हणून आधी तिचंच उत्तर. मे महिन्यात मी मिरजेला होते. बहिणीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. सव्वीस वर्षांत मोजणीच्या वेळी मी एकदाही रजा घेतली नव्हती, एकदा घेतली, तर त्याचा हिशेब तू मला विचारणार? मोजणी तुझ्या कंपनीची होती. तू आलीस एक दिवस, दोन माणसांच्या हातात ती लेबलं वाचायची पिस्तुलं दिलीस आणि संध्याकाळच्या गाडीने परत. उंटावरून शेळ्या हाकल्यास.

आता ठरलेल्या पद्धतीबद्दल. तुझ्या माणसांची पद्धत मला श्रीनिधीने सांगितली. पुस्तकावरच्या रेघांच्या लेबलावर लाल उजेड पाडायचा. मशीन वाजलं की पुस्तक आहे. वाजलं नाही की त्याची नोंद नाही, ते खोक्यात टाका. संध्याकाळी यंत्रातली यादी संगणकात ओता, जे वाजलं नाही ते हरवलं. एवढी ठोकळ्यासारखी पद्धत असू शकते यावर माझा विश्वासच बसेना. ते पुस्तक हातात धरून, त्याचं नाव डोळ्यांनी वाचून, ते नाही म्हणून खोक्यात टाकायचं?

मी तुला काय शिकवलं होतं? पुस्तक मोजणीत आलं नाही तर आधी त्याच्या फळीवर बघायचं. मग शेजारच्या फळ्यांवर आणि फळीच्या मागे, जिथे ती घसरून पडतात. मग तिसऱ्यांदा दुसऱ्या माणसाने बघायचं, पहिल्याने काय सांगितलं ते न ऐकता. तीनदा शोधल्याशिवाय हरवलं लिहायचं नाही. तुझ्याच अक्षरात ही पाटी कार्डांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली होती. कपाट तुम्ही हलवलंत, त्याबरोबर ती गेली.

आणि ती सहा खोकी. तुझ्या माणसांनी "उचल" म्हटलं म्हणून नारायणस्वामीने ती टेम्पोत चढवली. फाटकावरच्या वहीत मात्र एवढंच लिहिलं आहे: नारायणस्वामी, सहा खोकी, बाहेर. वादिराज ती वही कमिटीपुढे नाचवतात. खोक्यांत काय होतं ते कोणी पाहिलं नाही. वादिराज म्हणतात जुनी मासिकं. तू म्हणतेस नोंद नसलेली पुस्तकं. नारायणस्वामी म्हणतो, चिकटपट्टी लावून दिली होती, मी उघडली नाहीत. यात खरं बोलणारा तोच दिसतो मला.

मी संगणकाच्या विरुद्ध आहे असं तुला वाटतं. नाही गं. पूर्वी पाचचा भोंगा झाला की माणसं थेट मशीनवरून यायची. दारात नारायणस्वामीने साबण आणि टॉवेल ठेवलेला असायचा. हात धुतल्याशिवाय आत नाही. आता निम्मे कारखाने बंद पडून तिथे कंप्युटरची ऑफिसं झाली आहेत. गळ्यात पट्टी लटकवलेली मुलं येतात, अमेरिकेच्या परीक्षांची पुस्तकं मागतात आणि इंटरनेट नाही म्हटलं की निघून जातात. श्रीनिधीने दोन यंत्रं मांडली तर थांबायला लागली. परवा एक जण थांबला तो टूल अँड डायचं पुस्तक घेऊन गेला. बरं वाटलं. मी काही आंधळी नाही.

नारायणस्वामीने तर पन्नाशीनंतर की-बोर्ड शिकून घेतला. काउंटरवर एखादं पुस्तक मशीनला वाचता आलं नाही तर तो चष्मा कपाळावर चढवून दाखल नंबर एका बोटाने टाइप करायचा. गेल्या दसऱ्यापासून करत होता, कोणी सांगितलं नव्हतं तरी. अशा माणसाला तुम्ही जुन्या वळणाचा म्हणून हिणवता.

हरवलेल्यांची यादी अजून मी नीट वाचलेली नाही. तीस पानांच्या रिपोर्टाच्या शेवटची अडगळ. वेळ झाला की बघेन.

अ. खांबेटे


अंबत्तूर, १६ ऑगस्ट २००५

देविका,

मागच्या पत्राला उत्तर नाही. ठीक आहे. मी मात्र लिहिणार.

काल सुट्टी होती म्हणून कोरट्टूरला नारायणस्वामीच्या घरी गेले. इतक्या वर्षांत मी त्याच्या घरी दोनदा गेले असेन, दोन्ही वेळा लग्नाला. त्याच्या बायकोने, भवानीने, पेल्यात कॉफी दिली आणि ती दारापाशी उभीच राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही. तिचा राग मला दिसला, आणि मला तो आवडला. घरात कोणीतरी रागावलेलं आहे हे बरं, कारण नारायणस्वामी रागवत नाही.

त्याच्या गल्लीत तीन-चार घरं टर्नर-फिटरांची आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांना त्यानेच ग्रंथालयात आणलं, अर्ज भरून दिले. आता एक जण त्याला येता-जाता म्हणतो, "अण्णे, एवढी पुस्तकं नेलीत, एक आम्हालाही द्या की." थट्टेने म्हणतो. त्या थट्टेसाठी नारायणस्वामी आता दूध आणायला मागच्या रस्त्याने जातो. हे भवानीने सांगितलं. तो म्हणाला, परवाइल्लै, जाऊ द्या.

मग त्याने मला दोन प्रश्न विचारले. पहिला, खोकी कुठे गेली हे कोणी विचारलं का? मी म्हटलं, वादिराज म्हणतात समुद्रकाठच्या कुठल्याशा वाचनालयाला दिली, शोधते. दुसरा, अम्मा, तुम्ही यादी वाचलीत का? मी म्हटलं, नाही, अजून नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. "सेरी," म्हणाला. बरं, एवढंच.

देविका, यादी मी वाचली होती. जूनमध्येच, रिपोर्ट आला त्या दिवशी. पहिली दहा नावं वाचली आणि मला कळलं ती कुठली पुस्तकं आहेत. तूही दहा नावं वाचली असतीस तर तुलाही कळलं असतं. पण तू आकडा वाचलास, नावं वाचली नाहीस.

ती पूजेची पुस्तकं आहेत.

आपली सरस्वतीपूजा आठव. दर फळीवरून एक पुस्तक काढायचं, वर्षभरात सगळ्यांत जास्त हातांत गेलेलं. निवड मी आणि नारायणस्वामी करत असू, कागद-पेन्सिल न घेता. मोटर रिवाइंडिंगचं आलं की तो म्हणायचा, हे नाही, पुढचं, त्याचं बाइंडिंग तीनदा करून घेतलंय. एकशे त्रेचाळीस फळ्या, एकशे त्रेचाळीस पुस्तकं. देवीपुढे रचायची, प्रत्येकाच्या कपाळावर चंदन-कुंकू लावायचं, आणि मग विजयादशमीच्या सकाळपर्यंत इमारतीतलं एकही पुस्तक उघडायचं नाही. ताट नारायणस्वामीच्या हातात, बोट माझं. तू नऊ वर्षं फुलं वाहिलीस.

आता तुझ्या कंपनीने लेबल कुठे चिकटवलं ते आठव. मुखपृष्ठावर वर मधोमध, नेमकं कपाळावर. ही अक्कल कोणाची? मलपृष्ठावर लावलं असतं, आत लावलं असतं. इथे दसऱ्याला पुस्तकांना कुंकू लागतं हे तुला माहीत नव्हतं? तू तर इथलीच, तुझ्या कित्येक पिढ्या या देशात सरस्वतीपूजा करत आल्या. कुंकू लेबलावर गेलं असणार, मशीनला वाचता आलं नसणार, आणि तुझ्या शहाण्यांनी ती खोक्यात भरली. घडलं ते एवढंच.

तू विचारशील, मग अक्का, हे कमिटीला का नाही सांगितलंत? पुस्तकं हातात आल्याशिवाय बोलून काय उपयोग? मला हसतील. आधी पुस्तकं मिळवते, मग बोलते.

अलकनंदा


अंबत्तूर, १२ सप्टेंबर २००५

देविका,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. हे चौथं फाडणार नाही.

पुस्तकं सापडली. श्रीनिधीने टेम्पोवाल्याचा कागद शोधून काढला. एन्नोरच्या बाजूला कोळ्यांच्या वस्तीत एक वाचनालय आहे, ट्रस्टने खोकी तिथे दान म्हणून पाठवली होती. शनिवारी आम्ही दोघी बसने गेलो. वाचनालय म्हणजे एक खोली. वीजघराची राख खिडकीच्या गजांवर, टेबलावर, सगळीकडे. चालवणाऱ्या मास्तरांनी आमची पुस्तकं वर्तमानपत्राची कव्हरं घालून ओळीने लावली होती. राखेपासून जपायला, म्हणाले. आपल्या फळ्यांवर त्यांची एवढी काळजी कोणी घेतली नव्हती.

एकशे बेचाळीस होती. एकशे त्रेचाळिसावं, छोट्या डिझेल इंजिनांचं, कुठे आहे म्हणून विचारलं तर मास्तर मला किनाऱ्यावर घेऊन गेले. एक माणूस वाळूत मांडी घालून बसला होता. समोर ताडपत्रीवर होडीचं इंजिन सुटं करून ठेवलेलं, आणि पुस्तक उलट्या तगारीवर उघडं, पानावर दगड. मी सांगितलं की हे आमच्या ग्रंथालयाचं आहे. त्याने वरही बघितलं नाही. "इंजिन उघडून ठेवलंय अम्मा, पुस्तक कसं देऊ?" मी तिथे उभी राहून हसले, बऱ्याच दिवसांनी. पर्समधल्या चिठ्ठीवर त्याचं नाव आणि दाखल नंबर लिहिला आणि पुस्तक त्याला रीतसर दिलं. श्रीनिधी म्हणाली, मॅडम, तो आपला सभासद नाही. मी म्हटलं, आता आहे.

मग खोलीत परत येऊन मी कव्हरं काढायला बसले.

देविका, मागच्या पत्रात मी लिहिलं की कुंकू लेबलावर गेलं असणार. ते गेलं नव्हतं, मी लावलं होतं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये लेबलं लावून झाली तेव्हा तू मला बाजूला घेऊन काय सांगितलंस ते मला शब्दन् शब्द आठवतं. "अक्का, यंदां कुंकूं लेबलावर नको हो, थोडं खालीं लावा. मशीनला वाचाला होत नाहीं." किती मऊ बोलली होतीस. आणि त्याच आठवड्यात कार्डांची कपाटं गेली होती. पंचवीस वर्षं मी लिहिलेली कार्डं, मागच्या बाजूला पेन्सिलीने वाचकांचे प्रश्न लिहिलेली, कोणत्या पानावर उत्तर सापडेल ते लिहिलेली. कार्डांची पुढची बाजू तुमच्या माणसांनी टाइप केली. मागची बाजू कोणी उलटूनसुद्धा पाहिली नाही, आणि मीही सांगितलं नाही, मुद्दाम. बघू, म्हटलं, यांना कधी कळतं. सगळ्यांसमोर मी तुला म्हटलं होतं की तुला कार्ड लिहायला शिकवलं ही माझ्या आयुष्यातली चूक. त्यानंतर तू इथे राहणार नव्हतीसच, लेबलं लावणाऱ्या त्याच कंपनीत बंगळूरला गेलीस.

दसऱ्याला ताट समोर आलं. खाली भरपूर जागा होती. मी अंगठा चंदनात बुडवला आणि लेबलावर टेकवून वरपासून खालपर्यंत ओढला, मग त्यावर कुंकू. टिकली लावली असती तर मशीनने उरलेल्या रेघा वाचल्याही असत्या. मी टिकली लावली नाही. एकशे त्रेचाळीस पुस्तकांवर तसाच पट्टा ओढला. अंगठा दुखायला लागला तरी थांबले नाही. मला वाटलं होतं मशीन काउंटरवर अडेल, तुला बंगळूरहून यावं लागेल, चारचौघांत फजिती होईल. एवढाच बेत होता, फार मोठा नव्हता. पण मशीन अडलं की नारायणस्वामी नंबर टाइप करून मोकळा व्हायचा. माझी सगळी मेहनत तो रोज पुसून टाकायचा, आणि मला वाटायचं त्याला काय कळतंय.

मे महिन्यात मी मिरजेला गेले तेही रागानेच. डोहाळजेवण एका दिवसाचं असतं, मी महिनाभर राहिले. करा म्हटलं तुमची मोजणी. परत आले तर रिपोर्ट टेबलावर. यादी वाचली आणि सगळं समजलं, आणि त्या दिवसापासून तीन महिने मी गप्प. पत्र त्याच्या हातात पडलं तेव्हा मी तिथे उभी होते. त्याला चोर ठरवणारं पत्र मी माझ्या तोंडाने तमिळमध्ये सांगितलं. तुला पानंच्या पानं शिव्या घातल्या. त्याच्या घरी जाऊन कॉफी प्यायले आणि यादी वाचली नाही म्हणून खोटं बोलले.

तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तू तीनदा शोधलं असतंस तर हे झालं नसतं, ते तुझ्या पदरातच राहू दे. पण माझं मुसळ तुझ्या कुसळाआड किती दिवस लपवू? एन्नोरच्या त्या खोलीत श्रीनिधीने एक पुस्तक उचललं, लेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला मी सांगून टाकलं. तिने पिशवीतून रुमाल काढून ओला केला आणि लेबल पुसत बसली. जात नव्हतं.

येत्या मंगळवारी कमिटी आहे. सांगणार आहे.

अलकनंदा


अंबत्तूर, १३ ऑक्टोबर २००५

देविका,

तू उत्तर दिलं नाहीस, तरी पुढचं सांगते, कारण तुझ्याकडे एक काम आहे.

कमिटीत मी सगळं सांगितलं. टेबलावर सहा पुस्तकं ठेवली, लेबलं दाखवली, अंगठा दाखवला. वादिराजांना वाटलं माझं डोकं फिरलं. मग ते समजावायला लागले. मॅडम, पुस्तकं सापडली, मिटलं ना? तुम्ही मार्चमध्ये निवृत्त होताय, कशाला अंगाला लावून घेता? "तांत्रिक बिघाड" असं लिहू, नारायणस्वामीला परत घेऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकी सोय! बिघाड झाला, कोणी केला नाही, म्हणून कोणी भोगलं नाही. मी इतकी ओरडले की बाहेरच्या यंत्रांवरची मुलं उठून दारात आली. मी म्हटलं, तांत्रिक बिघाड लिहिलंत तर त्या गल्लीत तो आयुष्यभर चोरच राहील, वशिल्याने सुटलेला. लिहा, की ग्रंथपाल अलकनंदा खांबेटे यांनी लेबलं जाणूनबुजून खराब केली आणि माहीत असून तीन महिने दडवलं. अखेर लिहिलं त्यांनी. मार्चपर्यंत थांबायची गरज नाही, असंही त्याखाली लिहिलं. किल्ल्या मी श्रीनिधीला दिल्या.

त्याच संध्याकाळी ठरावाची नक्कल घेऊन कोरट्टूरला गेले. भवानी या वेळी बसली होती. मी उभी राहिले आणि नारायणस्वामीला सांगितलं की ती चोरी म्हणजे माझा अंगठा होता.

"तेरियुम् अम्मा," तो म्हणाला. ठाऊक आहे.

कधीपासून?

"ताट माझ्या हातात होतं."

म्हणजे पहिल्याच दिवसापासून. एकशे त्रेचाळीस वेळा त्याने ते पाहिलं होतं. म्हणून तर दसऱ्यापासून नंबर टाइप करत होता, माझी लाज बाहेर येऊ नये म्हणून. यादी ऐकली तेव्हाच त्याला कळलं होतं, आणि तरी टॉवेलने किल्ल्या पुसून घरी गेला. दूध आणायला मागच्या रस्त्याने गेला. मी ओरडलेच त्याच्यावर. मग बोलला का नाहीस? कमिटीला का नाही सांगितलंस? चोर म्हणवून घेतलंस, घरच्यांचे हाल केलेस, कशासाठी?

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो," तो म्हणाला. "जरा उशीर झाला."

भवानी रडायला लागली. मीही रडले, देविका, हे लिहायला लाज कसली. राग सगळा तुझ्यावर, मशीनवर, वादिराजांवर काढून झाला होता. तो एवढंच म्हणाला आणि माझ्याकडे रागवायला कोणी उरलंच नाही, माझ्याशिवाय.

ठरावाची नक्कल त्याने गल्लीत कोणाला दाखवली नाही. भवानीने दाखवली, घरोघरी.

परवा सरस्वतीपूजा झाली. मी आता तिथली कोणी नाही, पण श्रीनिधीने बोलावलं. दोन्ही संगणकांना हार घातले होते. दर फळीवरून एक पुस्तक नारायणस्वामीने काढलं. या वेळी ताट मी धरलं आणि बोट त्याचं. लेबलाच्या दोन बोटं खाली, एकेक छोटी टिकली. एन्नोरच्या पुस्तकाची जागा रिकामी ठेवली, इंजिन अजून बसलेलं नाही. काल सकाळी पुस्तकं उचलून परत फळ्यांवर लावली. आणि आता मी रोज दुपारी वाचकांच्या टेबलाशी बसते. श्रीनिधी पुस्तक आणून देते, मी त्याच्या कार्डाच्या मागे काय लिहिलं होतं ते आठवून सांगते, ती ते संगणकात घालते. तीनशे झाली. हे मी गेल्या वर्षीच तुला सांगितलं असतं तर?

आता तुझं काम. तुझ्या रिपोर्टातलं पान नऊ अजून तसंच आहे. ट्रस्टच्या फायलीत आहे, तुझ्या कंपनीच्या संगणकात आहे. ठराव काही म्हणो, पन्नास वर्षांनी कोणी ती फाईल उघडली तर त्याला आतला माणूसच सापडणार. ते बदलायला हवं. श्रीनिधी म्हणते, तुमच्या यंत्रात कारण लिहायला रकानाच नाही. हरवलं, फाटलं, रद्द केलं, एवढंच निवडता येतं. नसेल तर रकाना कर. तू करू शकतेस, मला माहीत आहे, मी काही ढ मुलीला शिकवलं नव्हतं.

काल निघताना नारायणस्वामीने विचारलं, देविका येईल का? मी म्हटलं, कुठली येते, चार पत्रं लिहिली, ती गेलीच समज. त्याने चष्मा कपाळावर चढवला. "बंगळूरला जाऊन पाहिलंत का, अम्मा? तीनदा शोधल्याशिवाय हरवलं लिहायचं नाही, तुम्हीच सांगता."

तेव्हा सोमवारी सकाळच्या गाडीने येते आहे. नारायणस्वामी माझ्याबरोबर आहे. तू मीटिंगमध्ये असलीस तर आम्ही बाहेर बसू. पान नऊ नव्याने छापून तयार ठेव. खाली दोन सह्या लागतील, एक तुझी, एक माझी.

आशीर्वाद आहेत. द्यायचे ते घेऊन येतेय.

तुझी अक्का